अरब देशांच्या आरोग्य मंत्रालयांना खुले पत्र: आतड्याच्या रुग्णांची नोंद थांबवू नका

प्रति,
आखाती व इतर अरब देशांची आरोग्य मंत्रालये आणि तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना

अस्सलामु अलैकुम.

आखातातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी रुग्णांच्या नोंदी सांभाळतो. मूळचा दापोली तालुक्यातला. देशाचे आणि रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच रुग्णालयाच्या शिक्क्यावर चालतो आणि मुलीची बारावी अजून व्हायची आहे. मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह, आहे. ज्या फायली मी कपाटात लावतो, त्यांतली एक माझी आहे.

पत्र मराठीत लिहितोय. अरबीत मला फॉर्म भरता येतो, भांडता येत नाही. शिवाय रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरे तुमच्या देशांतल्या पगारावर उभी आहेत. त्या घरांनीही हे वाचावे. अरबी आणि इंग्रजी प्रत वेगळी पाठवतोय.

लिहायला कारण असे घडले. आमच्याकडच्या काही डॉक्टरांनी आतड्याच्या दाहाच्या रुग्णांची एक नोंदवही सुरू केली होती. रुग्णाचे वय, आजार कधी लागला, सूज कुठवर पोचली आहे, कोणते औषध लागू पडले, कोणते नाही, शस्त्रक्रिया झाली का, असे साधे रकाने. दर आठवड्याला मी ते भरत असे. ती आता बंद करायचे ठरले आहे. लेखी कारण दिले ते असे, की हा आजार आपल्या भागात दुर्मीळ आहे, त्यामुळे स्वतंत्र कर्मचाऱ्याचा खर्च परवडत नाही. दुर्मीळ आहे की नाही, हे कळावे म्हणून तर ती वही होती! एका रुग्णालयाची एक वही हा तुमच्या लेखी किरकोळ विषय असेल. पण हे कारण मी इथल्या नोकरीच्या सगळ्या काळात वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे, म्हणून पत्र एका रुग्णालयाला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहितोय.

ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते, सोलवटते, त्यातून रक्त येते. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर चढत जाते. कुणाची तिथेच थांबते, कुणाची डाव्या बाजूपर्यंत, कुणाचे सगळे मोठे आतडे धरते. रक्त आणि शेंब पडते, पोटात मुरडा येतो, आणि संडासला लागली की मिनिटभरही थांबता येत नाही. मधे महिनोन्‌महिने बरे वाटते, मग पुन्हा उसळते. जंतूमुळे होणारा हा रोग नाही, कुणापासून कुणाला लागत नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. बहुतेकांना तो ऐन कमावत्या वयात, विशी-तिशीत धरतो. अरब रुग्णांतही तेच दिसते.

आता तुमच्याकडच्या आकड्यांविषयी. अरब देशांत हा आजार नव्हताच, अशी समजूत फार काळ होती. मग कुवेत आणि सौदीतल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात आपापल्या रुग्णांची माहिती छापायला सुरुवात केली. कुवेतमध्ये १९८५ ते १९९९ या काळातल्या ९० रुग्णांचा आढावा निघाला, त्यात वर्षाला लाख लोकांमागे २.८ नवे रुग्ण असा हिशेब होता. ओमानने १९८७ ते १९९४ या काळात शंभरेक रुग्णांचा माग ठेवला. दक्षिण इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या बेदुइन (मूळच्या भटक्या) अरबांत हा आजार त्याच भागातल्या ज्यूंपेक्षा फार कमी आढळला. लेबनॉनमधून २००७ साली आलेला अभ्यास मात्र निराळे सांगतो: लाखामागे १०६.२ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि ५३.१ जणांना क्रोन्स, म्हणजे पचनमार्गात कुठेही होणारा त्याचाच भाऊबंद आजार. युरोपातल्या काही देशांच्या पंक्तीला बसावा असा हा आकडा.

त्या आकड्यापाशी मी थांबलो, कारण आकडे हेच माझे काम. तो अभ्यास बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाच्या आरोग्य विमा योजनेतल्या सुमारे १५ हजार माणसांचा होता. गुणाकार केला तर लाखामागे १०६ म्हणजे प्रत्यक्षात १६ रुग्ण. क्रोन्सचे आठ. अभ्यास करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांच्या हाती एक नीट ठेवलेली यादी होती, तिचा त्यांनी प्रामाणिकपणे उपयोग केला. पण शहरी, शिकलेल्या, विमा असलेल्या १६ माणसांवरून सबंध लेबनॉनचे अनुमान काढावे लागते, आणि लेबनॉन, कुवेत, ओमान अशी चार-पाच ठिकाणे जोडून मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या ‘अरब रुग्णाचे’ चित्र रंगवले जाते. माझी पहिली तक्रार ही आहे. एवढ्या मोठ्या मुलखात, एवढ्या पैशात, देशभराची कायम चालणारी नोंद हा अजूनही चार उत्साही डॉक्टरांचा फावल्या वेळचा उद्योग का असावा?

जमत नाही असे म्हणू नका. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांतल्या कर्करोगाची सामाईक नोंद १९९८ पासून ठेवली गेली, तिचे केंद्र रियाधला. सौदीने २००४ पासून लग्नाआधी सिकल सेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी सक्तीची केली. इजिप्तने २०१८ मध्ये मोहीम काढून कोट्यवधी माणसांची हेपेटायटिस सीसाठी तपासणी केली, औषधे फुकट दिली, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाची पाठ थोपटली. ज्यांना हे जमले त्यांना आतड्याच्या रोग्यांची यादी ठेवता येत नाही, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी तक्रार जास्त जिव्हाळ्याची आहे आणि ती बोलताना मला जपून बोलावे लागते.

नोंद जिथे होते, तिथे कुणाची होते? कर्करोगाच्या त्या सामाईक नोंदीचे अहवाल त्या सहा देशांच्या नागरिकांपुरते निघाले. आमच्या वहीतही ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात दोनच पर्याय होते, ‘नागरिक’ आणि ‘इतर’. ‘इतर’मध्ये मी, माझ्या खोलीतला केरळचा भाई, कैरोचा फार्मासिस्ट, येमेनमधून पळून आलेला गवंडी, मनिलाची नर्स आणि बांगलादेशचा सफाई कामगार. यांतले दोघे अरब आहेत. ते अरब रुग्णांच्या हिशेबात येत नाहीत आणि परदेशी म्हणूनही त्यांचा वेगळा विचार होत नाही. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीत दहातली जवळजवळ नऊ माणसे परदेशी आहेत. दवाखान्याच्या बाकावर बसलेली बहुसंख्य माणसे ‘इतर’ या एका शब्दात टाकून कुठल्याही आजाराचे चित्र पुरे होणार नाही.

हे केवळ मानापमानाचे नाही. देश बदलला की हा आजार वागणूक बदलतो. इंग्लंडमधल्या लेस्टर परगण्यात १९९०च्या सुमारास अभ्यास झाला, तेव्हा तिथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे नवे रुग्ण स्थानिक गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. इकडे भारतात लुधियानाच्या पाहणीत, २००३ साली छापलेल्या, लाखामागे ४४ रुग्ण सापडले. म्हणजे आमच्या रक्तात काही आहे, आणि परमुलखाच्या हवा-पाण्यात, खाण्यात, राहणीत आणखी काही आहे. मग आखातात वीस-वीस वर्षे काढणाऱ्या लाखो भारतीयांचे काय होते? आणि ज्यांच्या आजोबांनी तंबूत उंटिणीचे दूध पिऊन दिवस काढले आणि जे स्वतः वातानुकूलित घरात बर्गर खाऊन वाढले, त्या तुमच्या स्वतःच्या पोरांचे काय होते? जगातल्या कुठल्याही संशोधकाला हेवा वाटावा असा हा प्रश्न तुमच्या अंगणात पडला आहे. तो उचलायला वहीतले दोन रकाने वाढवायचे आहेत: जन्मस्थान, आणि या देशात किती वर्षे.

यातून औषधाचेही चुकते. सल्फासलाझिन हे जुने, स्वस्त औषध. पण जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) ज्यांच्या शरीरात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. ही कमतरता ओमानात, बहारीनमध्ये, सौदीच्या पूर्व प्रांतात भरपूर आहे. दुसरे औषध अझाथायोप्रिन, उलटलेली संरक्षण यंत्रणा दाबणारे. युरोपीय पुस्तकांत त्याआधी टीपीएमटीची, म्हणजे हे औषध शरीरात जिरवणाऱ्या विकराची, तपासणी सांगितलेली असते. आम्हा भारतीयांत आणि पूर्वेकडच्या लोकांत धोका बहुधा दुसऱ्याच जनुकाचा असतो, एनयूडीटी-१५चा. त्यात बदल असला तर पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात. माझ्या ओळखीच्या एका कामगाराची टीपीएमटीची तपासणी बिनचूक झाली, अहवाल चांगला आला, गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात तो ताप आणि तोंडभर फोडांसह अतिदक्षता विभागात पोचला. वाचला. डॉक्टर हुशार होते. त्यांच्यासमोरच्या नियमावलीत हा माणूस नव्हता, एवढेच.

आणि अरब माणूस तरी जगाच्या पुस्तकात कुठे आहे? या आजाराच्या जनुकांचा २०१५ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात युरोपीय वंशाचे ८६,६४० लोक होते आणि पूर्व आशियाई, भारतीय व इराणी मिळून ९,८४६. या यादीत अरब नाव नाही. उलट अगदी तान्ह्या वयात आतडे जाळणारा जो दुर्मीळ प्रकार आहे, त्यामागचा आयएल-१० या दाह आवरणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहकातला (रिसेप्टरमधला) दोष २००९ मध्ये सापडला तो नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांमुळे. तुमच्याकडे चुलत भावंडांत लग्ने सर्रास होतात. जुलाबाने खंगलेल्या सहा महिन्यांच्या बाळाला नुसती दुधाची ॲलर्जी म्हणून परत पाठवण्याआधी जनुकतपासणीचा विचार तुमच्याइतका आणखी कुणी करायला हवा? काही बाळांना त्यानंतर अस्थिमज्जा बदलून बरे करता येते.

निदानाला लागणाऱ्या वेळाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते दुखणे गावाकडेही आहे. रक्त पडले की ‘आव झाली’ म्हणायचे. माझ्या आईने कुड्याची साल पाठवली होती. इथल्या दवाखान्यात आवेच्या जंतूवरचे मेट्रोनिडाझोल मिळाले, मग पुन्हा मेट्रोनिडाझोल, मग मूळव्याधीचे मलम. आवेचा जंतू इथे आहेच, इजिप्त, सुदान, येमेनकडच्या माणसांत बिल्हार्झिया हा कृमींचा रोगही कोलायटिससारखे सोंग घेतो, तेव्हा डॉक्टरांनी आधी जंतू शोधावा हे बरोबरच. अमीबा असताना स्टेरॉइड दिले तर आतडे फुटण्याची वेळ येते, तेही मला माहीत आहे. माझी हरकत एवढ्यावरच आहे, की शौचाची तपासणी न करताच तिसऱ्यांदा तीच गोळी लिहिली जाते. शौचातले कॅल्प्रोटेक्टिन, आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन, तपासता येते. खालच्या आतड्यात दुर्बीण घालायला काही मिनिटे लागतात. माझ्याआधी कुणाला तरी ते सुचायला महिने लागले आणि तोवर सूज गुदाशयातून पार वर गेली होती.

रमजानबद्दल मी मुसलमान म्हणून बोलतो. रोजा सोडायला मन होत नाही, आणि आजार कुणाला सांगायचा नसतो. मग लोक काय करतात? दिवसाच्या गोळ्या सोडतात. मेसालामाइन या आमच्या नेहमीच्या औषधाचा दिवसाचा डोस एकदम घेतला तरी तो विभागून घेण्याइतकाच लागू पडतो, हे वैद्यकात केव्हाच ठरले आहे. म्हणजे सगळ्या गोळ्या सहरीला (पहाटेच्या जेवणाला) किंवा इफ्तारनंतर (संध्याकाळी रोजा सोडल्यावर) घेता येतात. हे एक वाक्य प्रत्येक रुग्णाला शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या, महिन्यात सांगायचे आहे, आणि आमच्या इथे ते कुणी सांगत नाही. गुदद्वारातून घ्यायच्या औषधाने रोजा तुटतो की नाही, यावर आलिमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. रात्री झोपताना घ्या म्हटले की तो वादही उरत नाही. ज्याचा आजार उसळलेला आहे, रक्त पडते आहे, त्याला मात्र रोजा सोडायची सवलत दीनानेच दिली आहे. ती त्याला मशिदीच्या मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या जागेवरून, ऐकायला मिळाली तर डॉक्टरांच्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा जास्त कामाची. मशिदींचे, धार्मिक व्यवहारांचे खाते तुमच्या शेजारच्या इमारतीत आहे. एकत्र बसा.

संडास. या विषयावर अहवालांत ओळ नसते. उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्याला दुपारची सुट्टी मिळते, ती चांगली गोष्ट आहे. पण ज्या माणसाला दिवसातून दहा वेळा जावे लागते, त्याच्या साइटवर संडास अर्ध्या किलोमीटरवर आणि कॅम्पात एका संडासापुढे सकाळी रांग. मुकादमाला सांगितले तर कामचोर, कंपनीला सांगितले तर व्हिसा वाढेल की नाही याची धास्ती. म्हणून माणसे उपाशी राहून कामावर जातात. पोटात काही नसले की जायला लागत नाही, हा त्यांचा उपाय.

बायकांचे मी काय सांगणार, पण फायलींत दिसते तेवढे सांगतो. कोलोनोस्कोपीची तारीख घेतात आणि येत नाहीत. त्या दिवशी खोलीत पुरुष डॉक्टर असतो. दिवस राहिले की गोळ्या बंद करतात, वास्तविक मेसालामाइन गरोदरपणात चालते आणि बाळाला खरा धोका आजार उसळण्याचा असतो. लग्न ठरायच्या मुलींच्या फायलीवर नातेवाईक वेगळे नाव लिहायला सांगतात.

पैशाचे शेवटी. नागरिकाला जैविक औषधाचे (बायोलॉजिकचे) महागडे इंजेक्शन फुकट मिळते, ‘इतर’ला विमा कंपनी विचारते की हा आजार पॉलिसीआधीचा का. मग गावाकडून कुणी येणार असेल त्याच्या बॅगेत मेसॅकॉलची, म्हणजे मेसालामाइनच्याच गोळ्यांची, पाकिटे मागवायची, तो आला नाही तर गोळ्या पुरवून पुरवून खायच्या. आणि अर्धवट गोळ्या खाल्लेला माणूस शेवटी तुमच्याच तातडीच्या विभागात येतो, स्ट्रेचरवर, आणि मग जो खर्च होतो त्याचा हिशेबही मीच टंकतो.

तेव्हा मागण्या अशा.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सची राष्ट्रीय नोंद प्रत्येक देशाने कायद्याने सुरू करावी, कर्करोगाची आहे तशी, पण देशात राहणाऱ्या प्रत्येकाची. ‘इतर’ हा रकाना काढून टाकावा आणि त्याजागी जन्मस्थान, वंश, व देशातील वास्तव्याची वर्षे लिहावीत. नावे गुप्त ठेवून आकडे दरवर्षी जाहीर करावेत. मालकाला किंवा व्हिसा खात्याला या नोंदीतले काहीही कळता कामा नये, हे कायद्यातच लिहावे. नाहीतर कुणी नाव नोंदवणार नाही.

रक्ताचे जुलाब महिनाभर टिकले आणि जंतू सापडला नाही, तर प्राथमिक केंद्राने तिसरी प्रतिजैविकाची चिठ्ठी न लिहिता दुर्बिणीच्या तपासणीला पाठवावे.

सल्फासलाझिनआधी जी-सिक्स-पीडी आणि अझाथायोप्रिनआधी टीपीएमटीसोबत एनयूडीटी-१५, या तपासण्या राष्ट्रीयत्व न बघता व्हाव्यात. दोन वर्षांखालच्या बाळाला हा आजार दिसला तर जनुकतपासणी सरकारी खर्चाने.

रमजानआधी आरोग्य आणि धार्मिक व्यवहार या दोन खात्यांनी मिळून एक पानाची सूचना काढावी. अरबीसोबत उर्दू, हिंदी, मलयाळम, बंगाली, टागालोगमध्ये. मराठीत मी करून देईन.

स्त्री रुग्णाने मागितल्यास दुर्बिणीच्या तपासणीला स्त्री डॉक्टर आणि परिचारिका द्यावी. डॉक्टरांचा दाखला असलेल्या कामगाराला संडासाजवळचे काम मिळावे. मेसालामाइन हे औषध सर्वांना एकाच दराने, सरकारी औषधालयातून मिळावे.

आणि एक मागणी आमच्या परतणाऱ्या माणसांसाठी. हा आजार मोठे आतडे धरून बसला तर कर्करोगाचा धोका वाढतो. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी त्यासाठी कोलोनोस्कोपी करावी, मग ठरावीक अंतराने करत राहावे, असा सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. नोकरी संपली की माणूस महिन्याभरात देश सोडतो आणि त्याची फाइल आमच्या कपाटात राहते. चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या डॉक्टरला आजार कधी सुरू झाला, कुठवर होता, बायोप्सीत काय होते, यातले काही कळत नाही. आठ वर्षे तो कुठून मोजणार? म्हणून व्हिसा रद्द होताना पगाराचा हिशेब देता तसाच प्रत्येक रुग्णाला निदानाची तारीख, कोलोनोस्कोपीचा अहवाल चित्रांसह, बायोप्सीचा निकाल आणि घेतलेल्या औषधांची यादी इंग्रजीत छापून, शिक्का मारून, फी न घेता द्यावी. त्याने मागितली नसली तरी.

आपला,
नोंदणी विभागातील एक कर्मचारी आणि रुग्ण
(मूळ राहणार तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी)